हॅदरस्लोच्या गादीचा वारस

इंग्लंडच्या राजाला एखाद्या सकाळी आपल्या उमरावांची यादी सापडेनाशी झाली, तर त्यानं फार शोधाशोध न करता न्यू जर्सीत पिस्कॅटवेला फोन लावावा, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. आता तो फोन लावून उपयोग नाही, कारण उचलणारा माणूस गेल्या हिवाळ्यात गेला. पण ते होते तोवर कुठला ड्यूक कोणाचा नातू, कुठल्या अर्लची जहागीर कुठल्या चुलत पुतण्याकडे गेली आणि कोणाच्या घरी सलग सहा मुली झाल्यामुळे शेकडो वर्षांची गादी बुडाली, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मी त्यांना काका म्हणायचो. नातं म्हणाल तर ते माझे घरमालक. त्यांची बायको माझ्या आईची नागपूरची शाळामैत्रीण, म्हणून मावशी, आणि मावशीचे यजमान म्हणून काका. अमेरिकेत आल्यावर पहिली चार वर्षं मी त्यांच्या बेसमेंटमध्ये काढली. काका सरकारी खात्यात पुलांचे इंजिनिअर होते. निवृत्त होताना त्यांनी ड्रॉइंगच्या कागदाची एक भलीमोठी गुंडाळी घरी आणली आणि तिच्यावर इंग्लंडच्या उमरावांच्या वंशावळी काढून बेसमेंटच्या भिंतींना चिकटवल्या. माझ्या उशाशी बॅरन होते आणि पायाशी ड्यूक. कपाट उघडलं की एक मार्क्विस दाराआड जायचा, म्हणून कपाट फार वेळ उघडं ठेवायचं नाही अशी मला ताकीद होती.

काका आयुष्यात इंग्लंडला गेले नाहीत. भारतात जाताना एकदा लंडनच्या विमानतळावर चार तास थांबले होते, तेवढंच. ते चार तास टाय न सोडता बसले होते, असं मावशी सांगते. पण बोलायचे असे, की हे सगळे उमराव मागच्या गल्लीत राहतात. मंडळाच्या जेवणात कोणी मुलाच्या कॉलेजची काळजी सांगायला लागलं, की काका श्रीखंड थांबवून म्हणायचे, "काळजी करू नका हो. तिसरा अर्लसुद्धा आधी जरा वायाच गेला होता. पुढे सुधारला." समोरच्याला वाटायचं, काकांचा कोणी साडू असेल. मावशी पलीकडून म्हणायची, "ह्यांना स्वतःच्या भाच्यांची नावं विचारा. एक सांगतील तर शपथ." मला मुलगी झाली तेव्हा काका हॉस्पिटलात पेढे घेऊन आले, तिला डोळे भरून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "फार गोड आहे. पण इंग्लंडात असतास तर तुझी गादी चुलतभावाकडे गेली असती." मी म्हटलं, "काका, माझ्या नावावर एक सेकंडहँड गाडी आहे फक्त." ते म्हणाले, "तीच गेली असती."

घरी जेवायला बोलावलं की ते पाहुण्यांना मानाप्रमाणे बसवायचे, आणि मान ठरायचा व्हिसावर. सिटिझन म्हणजे ड्यूक, ते टेबलाच्या टोकाला. ग्रीन कार्डवाले अर्ल. ग्रीन कार्डच्या रांगेत ताटकळणारे व्हायकाउंट. मी तेव्हा एच-वनवर होतो. "तुझा व्हिसा तीन वर्षांचा. वंशपरंपरा सोड, तो तुझ्याच हातात टिकेल की नाही सांगता येत नाही," असं म्हणून ते मला पायरीवर बसवायचे आणि पहिली गरम पोळी मात्र आधी माझ्या ताटात टाकायचे.

हे वेड कुठून आलं, ते मला फार उशिरा कळलं. वंशावळींचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्यांनी मला दिलं होतं. एका रविवारी दुपारी तेच करत बसलो होतो. मी सहज विचारलं, "काका, तुमची वंशावळ कुठे आहे?" त्यांनी पेन्सिलीला टोक काढता काढता सांगितलं.

त्यांचं गाव सातारा जिल्ह्यात, घराणं देशमुखांचं. वतन आणि भैरोबाच्या यात्रेत पहिला नारळ फोडायचा मान थोरल्या पातीकडे, म्हणजे थोरल्या भावाच्या शाखेकडे होता आणि थोरल्या पातीत मूलबाळ नव्हतं. काका धाकट्या पातीतले, तीन भावांतले मधले. सात वर्षांचे असताना त्यांना थोरल्या चुलत्यांच्या मांडीवर बसवलं, होम झाला, जेवणावळ झाली आणि ते दत्तक गेले. गेले म्हणजे कुठेच गेले नाहीत, कारण वडील आणि चुलते एकाच घरात राहत. "सकाळी उठलो तेव्हा ती आई होती," काका म्हणाले. "दुपारी पंगतीत वाढायला आली तेव्हा काकू झाली होती. घर तेच, चूल तीच. एकदा चुकून आई म्हणालो तर तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. हातातली पळी तेवढी थांबली."

ज्या वतनासाठी हा खटाटोप झाला ते वतन पुढे सरकारनं काढून घेतलं. नारळाचा मान काका अमेरिकेला आल्यावर दुसऱ्याच कोणीतरी उचलला. निघताना ते जन्मदात्या आईच्या पाया पडले, ते काकू म्हणून. ती गेल्याचं पत्र इथे आलं तेव्हा त्यातही "काकू गेल्या" एवढंच होतं. दत्तक दिलेल्या मुलाला जन्मदात्या आईचं सुतक दहा नव्हे, तीनच दिवसांचं. "तेव्हा इथे लाँग वीकएंड होता," काका म्हणाले, "मला रजासुद्धा घ्यावी लागली नाही." मी उगीच म्हटलं, फार अवघड गेलं असेल. ते एकदम इंजिनिअरसारखे झाले. "त्यात काय अवघड? दत्तक म्हणजे पोटचाच मुलगा. शास्त्र आहे. कायदा आहे." हे वाक्य ते मला नव्हे, स्वतःला सांगत होते, एवढं कळण्याइतका मी तेव्हाही शहाणा होतो. ते वाक्य खोटं ठरलं असतं, तर त्यांनी आई सोडली ती कशासाठी, याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं.

शेजारी वॉल्टर नावाचा एक म्हातारा राहतो. आयुष्यभर प्लंबिंग केलं, बायको गेली, आता एकटा असतो. हिवाळ्यात काकांच्या दारातला बर्फ तोच ओढायचा आणि मावशी त्याला बटाटेवडे द्यायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. एके दिवशी वडे खाता खाता तो म्हणाला, की त्याचे आजोबा सांगायचे, आपण म्हणे मूळचे लॉर्ड. काकांनी हातातला चहा खाली ठेवला. वॉल्टरचं आडनाव हॅदरस्लोच्या बॅरनांचं होतं, आणि हॅदरस्लोची गादी शेवटचा बॅरन निपुत्रिक गेल्यापासून रिकामी होती. काकांनी वॉल्टरच्या घरचं जुनं बायबल मागून आणलं. त्याच्या पहिल्या पानावर सगळ्या पिढ्या लिहिलेल्या होत्या. बॅरनचा धाकटा मुलगा न्यू जर्सीत आला, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, असं करत ती ओळ थेट वॉल्टरपर्यंत येत होती.

त्या दिवसापासून काकांनी त्याला मिलॉर्ड म्हणायला सुरुवात केली. कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी ते सकाळी लवकर उठून वॉल्टरचे डबे रस्त्यापर्यंत ओढत न्यायचे, कारण लॉर्डनं स्वतः डबे ओढणं शोभत नाही. वॉल्टर दारात उभा राहून म्हणायचा, "अरे, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय." काका म्हणायचे, "एकदा लंडनहून पत्र येऊ द्या, मग बोलू."

लंडनला पाठवायचा अर्ज काकांनी दोन वर्षं लिहिला आणि मी टाइप केला. आता सांगतो ती चूक आम्हा दोघांचीही आहे. बायबलमध्ये एका नावापुढे एक टीप होती. बॅरनचा तो धाकटा मुलगा निपुत्रिक होता. ज्या जहाजातून तो आला, त्याच जहाजावर एका पोराचे आईबाप तापानं गेले. त्या पोराला त्यानं सगळ्या चर्चसमोर आपला मुलगा म्हणून घेतलं आणि नाव दिलं. वॉल्टर त्या पोराचा पणतू. ही टीप वाचून काकांचा चेहरा उजळला. "हा आपला सगळ्यात भक्कम पुरावा," ते म्हणाले. "जन्माला काय, दोन सुइणी साक्षीला. हा तर अख्ख्या गावासमोर घेतलेला मुलगा." त्यांनी ती टीप अर्जाच्या पहिल्याच पानावर घ्यायला लावली, ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून. मलाही त्यात काही खटकलं नाही. आमच्या दोन्ही डोक्यांत दत्तक म्हणजे वारस हे इतकं पक्कं होतं, की इंग्लंडात काय नियम आहे हे विचारावंसंच वाटलं नाही. हजारभर उमरावांची कुंडली पाठ असलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं कोणाला वाटेल? मला आता वाटतं, त्यांना ते ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं.

पत्र आलं ते गणपतीच्या आठवडाभर आधी. दीड पान, अतिशय सभ्य. काकांनी चष्मा शोधण्याचं निमित्त करून ते मला वाचायला लावलं. वॉल्टरही येऊन बसला होता, टाय लावून. पत्रात लिहिलं होतं, की कागदपत्रं फार मेहनतीनं जमवलेली आहेत, परंतु दत्तक मुलाला उमरावकी मिळत नाही. ती फक्त रक्ताच्या वंशजाला जाते.

मी काकांकडे बघायचं टाळलं. वॉल्टरनं टाय सैल केला. "त्या पोराला जेवू कोणी घातलं?" त्यानं विचारलं. "त्या लॉर्डच्या मुलानंच ना? मग तोच बाप. ते लंडननं मला कशाला सांगायला हवं?" त्यानं काकांच्या खांद्यावर थोपटलं आणि जाताना स्वतःचे डबे आत घेतले, काकांचेही घेतले.

काका पाच दिवस बेसमेंटमध्ये उतरले नाहीत. जेवले थोडंसं, बोलले त्याहून कमी. सहाव्या दिवशी मावशीचा फोन आला, "जरा येऊन जा रे. ते पत्र तुझ्याकडूनच परत वाचून हवंय म्हणतात."

मी गेलो. काका खालच्या पायरीवर, माझ्या जुन्या जागेवर बसले होते. "दुसरा पॅरेग्राफ वाच," ते म्हणाले. तो मी आधी घाईत उरकला होता. त्यात असं होतं, की या बाबतीत दत्तकविधानानं काहीच बदलत नाही. मूल कोणालाही दिलं, कोणीही वाढवलं, तरी ते कायम आपल्या जन्मदात्यांचंच मूल राहतं.

"कायम?"

"असंच लिहिलंय."

"म्हणजे दिलं तरी दिलं जात नाही?"

"त्यांच्या नियमानं नाही, काका."

त्यांनी भिंतीवरच्या बॅरनांकडे पाहिलं. "म्हणजे साहेबाच्या हिशेबानं ती शेवटपर्यंत माझी आईच होती," ते म्हणाले, "आणि मी तीन दिवसांत उठलो." मग ते रडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस सात वर्षांच्या मुलाचं रडू इतकी वर्षं सांभाळून ठेवतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मावशी जिन्यात उभी होती. ती खाली आली नाही, वरही गेली नाही. मला मात्र तिथे बसवेना आणि उठवेना.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा गणपती होता. एका शाळेचा हॉल घेतो आम्ही. आत नारळ फोडायला बंदी, म्हणून तो पार्किंग लॉटमध्ये फोडायचा. मंडळ सुरू झाल्यापासून पहिला नारळ काकांचा. गावाकडचा मान त्यांनी इथे आणला होता म्हणा ना, आणि कोणी तो मागितलाही नव्हता. त्या दिवशी काका आले ते दाढी न करता, साध्या सदऱ्यात, आणि वॉल्टरच्या ट्रकपाशीच थांबले. वॉल्टरला त्यांनी सोबत आणलं होतं, पुन्हा टाय लावून. मला म्हणाले, "मान मिलॉर्डना द्या. मला नारळाला हात लावता येणार नाही. देवापुढेही येता येणार नाही."

वॉल्टरनं दोन-तीनदा नारळ आपटून पाहिला. तो काही फुटेना. मग ट्रकमधला पाना आणून त्यानं एका घावात दोन भकलं केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लांबून काकांनीही वाजवल्या. आत आरती सुरू झाली, सगळे गेले, आणि मी काकांजवळ उभा राहिलो.

चँडलरहून नवीनच बदली होऊन आलेला एक मुलगा उशिरा पोचला. गाडी लावताना त्यानं विचारलं, "काका, तुम्ही बाहेर कसे? चला ना, आरती मिस होईल."

"सुतक आहे," काका म्हणाले.

"ओह, सॉरी काका. कोण गेलं?"

"आई."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून तिच्यासाठी असा, सरळ, पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या मुलानं काकांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मनातल्या मनात तिच्या वयाचा अंदाज करत असावा. मग त्यानं हळूच विचारलं, "कधी?"

काकांनी बोटांवर मोजलं. घाई न करता, एकेक पेर धरून.

"तीन झाले," ते म्हणाले. "आज चौथा दिवस."