नागसेनचं पहिलं भाषण

कबनूरचा आमचा नागसेन यंत्रमागावर कापड विणायचा आणि सुट्टीदिवशी लिहीत बसायचा. दोन हजार चार साली त्याची पहिली कादंबरी छापून आली आणि प्रकाशकानं कोल्हापुरात समारंभ ठेवला. तिथंच घोडं अडलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की गड्याची जीभ टाळूला चिकटायची.

"लेखकच गप्प बसला तर पुस्तक घेणार कोण? मग दुसऱ्या कादंबरीचं नाव काढू नका," प्रकाशकानं दारातच बजावलं.

नागसेन माईकपुढं उभा राहिला. सभागृह चिडीचूप. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला ती शांतताच खाऊ लागली. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. कुणीतरी खोकलं. प्रकाशक घड्याळ बघू लागला. मंचाच्या कडेला, पुस्तकांच्या गठ्ठ्यांपाशी माझी जागा होती.

तेवढ्यात समोर बसलेली त्याची बायको प्रियदर्शनी नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणाली. मागाच्या शेडमध्ये आम्ही जवळच्याशी ओरडून बोलतो, लांबच्याचे ओठ वाचतो. माझंही आयुष्य तिथंच गेलं, त्यामुळं मलाही कळलं. ती म्हणत होती, "लोकांकडं बघू नगासा. मला सांगा."

आणि त्यानं तिलाच कादंबरीची गोष्ट सांगितली, पण शेडमधल्यासारखं, बेंबीच्या देठापासून ओरडून. माईक किंचाळला, तो बाजूला ठेवावा लागला. लोक आधी हसले, मग पुढं सरकून ऐकू लागले. शेवटी प्रकाशकच त्याचा सदरा ओढत होता, "अहो, आता बसा की. पुस्तकं विकायची हायत."