न उचलायचा फोन

मी जात्याच संशयी. मासेवालीने सुरमईचे कल्ले उघडून दाखवले तरी मी नाक लावून बघणार. बायको म्हणते, तुम्हाला प्रसादाच्या शिऱ्यातही खडे दिसतात. या स्वभावाचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता.

अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा मी सौदीतल्या अल खफजीत पाइप फिटर होतो. कुवेतची हद्द गाडीने थोड्या मिनिटांवर, आणि तिच्या पलीकडे इराक. सकाळी समुद्रावरून विमानं उत्तरेकडे जायची. मागच्या युद्धात इराकी रणगाडे याच गावात शिरले होते, असं जुनी माणसं सांगायची. त्यामुळे कॅम्पमधले आम्ही सगळे कोकणी धास्तावलेले होतो. कोणी नवा माणूस दिसला की कोण, कुठला, कफील म्हणजे त्याला आणणारा मालक कोण, याची चौकशी आधी.

यार्डातल्या हत्यारांच्या, म्हणजे पाने-ग्राइंडर अशा अवजारांच्या स्टोअरवर एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा म्हातारा होता. सगळे त्याला हाजी म्हणत. भारतीयांमध्ये वर्षानुवर्षं राहून मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्याची पद्धत पक्की: खिडकीतून आपला पितळी बिल्ला द्यायचा, तो खिळ्याला अडकवणार, मग हत्यार देणार. हत्यार परत केलं की बिल्ला परत. पाना तेलकट आणला तर, "पहले साफ करो," म्हणून बिल्ला हातात धरून बसायचा. माणूस माझ्यासारखाच होता, म्हणून मला आवडायचा.

एका सकाळी मी चेन पुली घ्यायला खिडकीशी उभा होतो. विमानांचा आवाज आला. माझा बिल्ला हातात तसाच ठेवून हाजी बाहेर आला, डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहिलं, रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि लगबगीने कँटीनजवळच्या कार्डफोनवर गेला. नंबर फिरवला. थोडा वेळ ऐकत राहिला. एक शब्द न बोलता फोन ठेवला आणि आला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी नको असलेला ग्राइंडर मागायला गेलो. पुन्हा तेच: विमानं, पेन्सिल, फोन, आणि तोंडातून शब्द नाही. पाच दिवस मी पाळत ठेवली. फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा मोकळा झालेला दिसायचा, तेही मला खटकलं. एकदा तो आत वळला तेव्हा पुठ्ठा वाचून घेतला. वेळ, आणि वेळेपुढे रेघा. जितकी विमानं तितक्या.

आता आणखी काय हवं? खोलीत सांगितलं तेव्हा गुहागरचा एक जण म्हणाला, "बोलून मोकळा हो. उद्या हा पकडला गेला तर माहीत असून का लपवलंस म्हणतील. इकामा जाईल तुझा, राहायचा परवानाच गेला की थेट घरी." मी फोरमनला सांगितलं. त्याने वर सांगितलं. दुपारी सिक्युरिटीची दोन माणसं आली, हाजीचं रजिस्टर आणि फोनचं कार्ड घेऊन गेली. ड्युटीत स्टोअरच्या बाहेर पाय टाकायचा नाही, अशी ताकीद दिली. खरं सांगतो, मला आनंद झाला. कॅम्प मीच वाचवला, अशा थाटात मी त्या रात्री जेवलो.

दुसऱ्या दिवशी पाना घ्यायला गेलो तर आवाज आला, विमानं आली. हाजी खिडकीच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा. मला म्हणाला, "तेरे पास कार्ड है. ये नंबर पे घंटी मार. बात नहीं करने का." खिडकीतून एक चिठ्ठी पुढे सरकवली. मी हात लावला नाही. तो म्हणाला, "तू जुम्मे को घर पे मारता, वैसा. यल्ला, यल्ला!"

मी दर शुक्रवारी घरी दोन रिंगा द्यायचो आणि ठेवायचो. बायकोने उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे मी ठीक आहे. कॅम्पमधले सगळेच तसं करायचे. हाजीने इतकं उघड करून सांगितलं, आणि माझ्या डोक्यात काय आलं? हा माझ्यावरही नजर ठेवून आहे, आणि आता मला अडकवतोय. मी पाना घेऊन निघालो. त्याने मागून दोनदा हाक मारली.

चौथ्या दिवशी सिक्युरिटीने कार्ड परत दिलं, ताकीदही उठवली. काही सापडलं नव्हतं. हाजी सकाळपासून फोनपाशीच होता. मी तिथून जाताना त्याने मला थांबवून सगळं सांगितलं. तरुणपणी तो बसऱ्यात कामाला होता, मुलगी तिथेच दिली होती. इराकमध्ये नातलग आहेत हे इथे बोलायची सोय नव्हती. बापलेकीचं ठरलं होतं: विमानं डोक्यावरून गेली की बापाने रिंग द्यायची, तिने फोन न उचलता दोन्ही पोरांना घेऊन शेजाऱ्यांच्या तळघरात जायचं. पुठ्ठ्यावरच्या रेघा म्हणजे कोणत्या विमानांची रिंग देऊन झाली, याची त्याची नोंद.

"पहले फोन नहीं उठाती थी, तो मैं खुश," तो म्हणाला. "अब भी नहीं उठाती. मेरे को क्या मालूम?"

तीन आठवड्यांनी कुवेतहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून जावयाचा निरोप आला. त्या तीन दिवसांतल्याच एका सकाळी त्यांच्या गल्लीवर बॉम्ब पडला. मुलगी आणि धाकटा नातू घरातच होते. थोरली नात तेवढी वाचली. फोरमनने मला हे सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

रिंग गेली असती तरी ती वेळेत पोहोचली असती का, कोण जाणे. गल्लीच्या गल्ली गेली, तळघर राहिलं का तेही मला माहीत नाही. बॉम्ब मी टाकला नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, पण मला ते पटत नाही.

कोणी चुगली केली, हे हाजीने कधी विचारलं नाही. त्या आठवड्यात मी मुद्दाम न पुसता तेलकट पाना परत केला. त्याने काहीतरी बोलावं, ओरडावं, असं मला वाटत होतं. त्याने पाना घेतला आणि न बघताच बिल्ला दिला.

शुक्रवारी घरी फोन लावला. दोन रिंगा झाल्या, पण मला फोन ठेवता येईना. तीन, चार, पाच. बायको धावत आली असावी, तिला धाप लागली होती.

"अहो, काय झालं? दोनच ठरल्यात ना? खरं सांगा, काय झालं?"

"काही नाही गं. मी ठीक आहे," मी म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

मागे कोणीतरी उभं होतं, म्हणून मी घाईने फोन ठेवायला वळलो. हाजी होता. त्याने हातानेच मला थांबवलं.

"बात करो," तो म्हणाला. "मेरे को जल्दी नहीं."