अंगठ्याखालचे दोन ठिपके

पाणीपुरवठा खात्यात त्यांना सगळे नकाशेबाई म्हणायचे. पंचवीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईनं नळाच्या लाइनी ओढलेली बाई. कोपऱ्यात डाग पडला तरी अख्खा कागद फाडून पहिल्यापासून सुरुवात करायच्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या, तेव्हा खात्यातल्या शहाण्यांनी पैजा लावल्या, की महिन्याभरात बाई दौतीकडे परत जाणार. पैजा लावणारे हरले. दोन वर्षांत बाईंनी शहरातला एकूण एक व्हॉल्व्ह वेबच्या नकाशावर चढवला. ठिपक्यावर टिचकी मारली की व्हॉल्व्हचा नंबर, किती फेरे फिरवायचा, कुणाचं पाणी अडतं, सगळं हजर. साहेबांच्या केबिनमधल्या भिंतीएवढ्या पडद्यावर तो असा काही झळकायचा, की आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी नकाशा पाजला जायचा.

वापरायचा मात्र चावीवाल्यांनी. लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडबंद करणारी ही माणसं. त्यांच्याकडे भिंत नव्हती, मोबाइल होते.

एका दुपारी शाळेजवळची लाइन फुटली. त्या कोपऱ्यावर दोन व्हॉल्व्ह शेजारीशेजारी, एक शाळेकडचा, एक हॉस्पिटलकडचा. त्या भागात नवीन आलेल्या चावीवाल्यानं शाळेकडचा ठिपका दाबला, फोननं दाखवलेला नंबर झाकणावर शोधला आणि तो व्हॉल्व्ह बंद केला. वीस मिनिटांत हॉस्पिटलमधून फोन. डायलिसिसचं पाणी गेलं होतं, तीन पेशंटना मध्येच मशीनवरून काढावं लागलं. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण चावीवाल्याच्या नोकरीवर बेतलं. आठ दिवसांनंतरची चौकशी लागली.

"अंगठेबहाद्दरांच्या हातात नकाशा दिला की असंच होणार," साहेब म्हणाले. चावीवाला बारावी पास होता, पण साहेबांना ते विचारायला वेळ नव्हता.

बाईंना रात्रभर झोप लागली नाही, असं काही झालं नाही. त्या झोपल्या, सकाळी उठल्या आणि चावीवाल्याच्या मागोमाग रस्त्यावर गेल्या. "तुम्ही नेहमीसारखं काम करा. मी नुसती बघते," म्हणाल्या. आणि त्यांनी जे बघितलं, त्यानं त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. उजव्या हातात चावी, म्हणून फोन डाव्यात. दोन बोटांनी नकाशा मोठा करायला दुसरा हातच नाही. पान वर सरकवायला जावं तर नकाशाच सरकायचा. फिकट निळ्या लाइनी उन्हात गायब. सगळ्या शहराचे ठिपके एकदम उतरेपर्यंत पाणी गुडघ्याला लागायचं. आणि त्या कोपऱ्यावर चावीवाल्याचा अंगठा टेकला की त्याच्याखाली दोन्ही ठिपके झाकले जायचे. मग माहितीची चौकट उघडायची ती नेमकी त्या ठिपक्यांवर. त्यात कुणाचं पाणी अडतं ही ओळ सगळ्यात खाली, पडद्याच्या बाहेर.

बाईंनी दोन वर्षं हा नकाशा माउसनं तपासला होता. माउसच्या बाणाला सुईसारखं टोक असतं. अंगठ्याला नसतं, हे कळायला काही इंजिनिअर व्हावं लागत नाही.

घरी त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान, आणि बोलण्यात माणूस फटकळ. बाई उजव्या हातात फरशी पुसायचा दांडा घट्ट धरून, डावा अंगठा पाण्यात बुडवून फोनशी झटताना दिसल्या, तेव्हा ते म्हणाले, "आता हे कोणतं व्रत?"

"नकाशा दुरुस्त करतेय."

"म्हणजे चुकलेला होता. आणि चौकशी त्या चावीवाल्याची? वड्याचं तेल वांग्यावर काढताय की तुम्ही लोक."

"साहेबांनी कालच सांगितलंय, नकाशाकडे बोट दाखवलं तर शाखाप्रमुख होणं विसरा."

"मग?"

बाईंनी अंगठा परत बुडवला आणि त्या कामाला लागल्या. सात दिवसांत त्यांनी नकाशा उसवून पुन्हा शिवला. आता फक्त उभं असाल तेवढ्याच भागातले व्हॉल्व्ह उतरत. लाइनी गडद. बटणं खाली, डाव्या अंगठ्याच्या टप्प्यात. अंगठ्याखाली दोन ठिपके आले, तर नकाशा आपल्या मनानं एक निवडत नसे. खाली मोठ्या अक्षरांत विचारायचा: शाळेकडचा की हॉस्पिटलकडचा?

चौकशीच्या दिवशी बाई लोखंडी चावी घेऊनच केबिनमध्ये शिरल्या. ती साहेबांच्या उजव्या हातात दिली, डाव्यात जुना नकाशा उघडलेला फोन. "शाळेकडचा ठिपका दाबून दाखवा, साहेब."

साहेबांनी तीनदा दाबलं. दोनदा हॉस्पिटल निघालं. चौकशीला आलेले बाहेरचे अधिकारी वाकून बघत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"चूक चावीवाल्याची नाही, नकाशाची आहे. नकाशा माझा आहे," बाई म्हणाल्या. तसं त्यांनी लिहून दिलं, खाली सही केली. बाईंची बढती गेली हे साहेबांच्या चेहऱ्यावर तिथल्या तिथे दिसलं. अशी सही करायला काळीज लागतं. त्या खात्यात तोवर कुणी केली नव्हती.

बाहेर बाकावर चावीवाला बसला होता. बाईंनी निकाल सांगितला. तो हसेल, निदान सुस्कारा तरी सोडेल, असं त्यांना वाटलं. तो नुसताच आपल्या हाताकडे बघत राहिला.

"मग माझं चुकलं नव्हतं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बाई, मी आठ दिवस रोज संध्याकाळी हॉस्पिटलात जातोय. त्या तिघांची माफी मागायला. दोघांनी केलं माफ. तिसऱ्या आजी माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

बढती गेल्याचं दुःख तोवर बाईंना होत होतं, ते त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. त्यांनी पर्स खांद्याला अडकवली.

"त्या आजी कितव्या मजल्यावर आहेत?"

"दुसऱ्या."

"चला," बाई म्हणाल्या. "आज माफी मी मागते."