शंभर दिव्यांमागची धून

सकाळी नऊ चाळीसला ताई हेडफोन गळ्यात अडकवून तक्त्यातली सतरावी ओळ वाचत होती. गेममधली कोणती धून खेळणाऱ्यासाठी कधी उघडायची, ते या तक्त्यात ठरतं. सतरावी धून तिची, तिनंच रचलेली. शंभर दिवे लावल्यावर उघडणारी. तिसरी तिच्या धाकट्या बहिणीची. पहिलं दार ओलांडलं की हजर. पुढच्या रकान्यात आकडे होते. धाकटीची धून एक लाख चार हजार जणांनी उघडली होती. ताईची, दोनशे बारा.

धाकटीला या कंपनीत चिकटवलं ताईनंच. कीबोर्डवर बोटं ठेवायलाही तिनंच शिकवलं. आता आईसुद्धा भांडी घासताना धाकटीचीच धून गुणगुणते, आणि ताई उठून दुसऱ्या खोलीत जाते.

बाराच्या आत बदल कळवायचे होते. ताईनं दोन्ही अटींची अदलाबदल केली. कारण लिहिलं, 'समतोल'. पाठवायचं तेवढं बाकी होतं.

"ताई, शंभरावा दिवा कुठेय गं?" समोरच्या टेबलावरून धाकटीनं विचारलं. "तीन आठवडे झाले, नव्याण्णववर अडकलेय."

"एवढा खटाटोप कशाला? फाइल देते, ऐक."

"फुकटची नको. मिळवून ऐकणार."

"तुझी बरी, दारातच भेटते."

"म्हणून तर लोक सहा सेकंदांत बंद करतात," टेस्टर म्हणाला. दिवसभर गेम खेळून चुका काढायचा त्याला पगार मिळतो. "मी तर चारातच उरकतो."

"तुला कुणी विचारलं?" धाकटी म्हणाली.

ताईनं मनातल्या मनात एक लाख चार हजारांना सहानं गुणलं. नुसते ऐकलेले सेकंद मोजले, तरीही धाकटीच पुढे निघाली.

मग तिच्या ध्यानात आलं: अदलाबदल झाली, तर शंभरावा दिवा लावून धाकटी ऐकणार स्वतःचीच धून. आणि ताईची तिला आयती मिळणार, दारात, सहा सेकंद.

अकरा पन्नासला तिनं बदल पुसला.

"सांग ना, कुठेय?"

दिवा विहिरीत, दोरीच्या मागे होता. ताईला पाठ होतं.

"शोध," ती म्हणाली. "माझी काही दारात बसलेली नाही."

उद्या सकाळी दहाला नवी आवृत्ती बाहेर पडेल. त्याआधी, नऊ चाळीसला, ताई सतरावी ओळ उघडेल. तिथे दोनशे बारा असतील, नाहीतर दोनशे तेरा.