वांगी बॉनेटवरचा पंजा

"नाही म्हणजे नाही! माझ्या बॉनेटला रक्त लागणार नाही."

"गाडी माझी, पोरगा माझा, मेंढा माझा, आणि बॉनेट तेवढं तुझं कसं रे, दसूकी?"

"माझ्या दारातून बाहेर पडेपर्यंत माझंच. बाहेर पडलं की तुझं. मग त्यावर भाकऱ्या थाप, उम्म शाकिर!"

मेंढा गॅरेजच्या खांबाला बांधलेला होता. आपल्यावरूनच हे चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. काचा झाकायला लावलेले वर्तमानपत्राचे कागद तो ओढून ओढून निवांत खात होता. मी समोरच्या आमच्या टपरीवरून चहा घेऊन आले आणि ग्लास हातात धरून तिथेच उभी राहिले. इजिप्तातल्या आमच्या तांता शहराच्या गॅरेजगल्लीत असं भांडण सोडून चुलीकडे परतणारी बाई अजून जन्मायची आहे.

उम्म शाकिर म्हणजे शाकिरची आई. तिचं स्वतःचं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नाही. तिची सात जणांची जुनी प्युजो तांता ते अलेक्झांड्रिया प्रवासी नेते आणि शाकिर ती चालवतो. मागे एकदा नवा रंग दिला तेव्हा मेंढा कापायचा राहून गेला, आणि त्याच आठवड्यात शाकिर गाडीसकट कालव्यात गेला. पोरगा वाचला, पण त्याचा एक हात आजही पुरता वर होत नाही. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं. दृष्ट लागू नये म्हणून मेंढ्याच्या रक्तात बुडवलेला पंजा गाडीवर उमटल्याशिवाय शाकिर रस्त्याला लागणार नाही.

आणि गॅरेजवाल्या उस्ता दसूकीचं म्हणणं, दृष्टबिष्ट सगळं झूट, पंजा उमटला तर मी या गल्लीत तोंड दाखवणार नाही.

दसूकी गाड्या रंगवत नाही. रंगवणारे दुसरे. रंग वाळल्यावर गाडी दसूकीकडे येते, घासायला आणि चमकवायला. मूळचा तो दमिएत्ताचा, जिथे घरोघरी फर्निचर बनतं. बापाने त्याला कपाटांची दारं घासायला बसवलं, तिथून तो लाकडावरून पत्र्यावर आला. पण खोड गेली नाही. कॅफेत बसला की ट्रे उजेडाकडे तिरका करून बघणार. डॉक्टरकडे गेला तर छाती तपासून होईपर्यंत टेबलाचा डाग अंगठ्याने घासत राहणार. त्याची बायको निग्मा सांगते, "लग्नाच्या दिवशी याने माझा चेहरा बघितलाच नाही. वरातीची गाडी कुणी घासलीय ते वाकून वाकून बघत होता."

ताज्या रंगाच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक दाणे राहतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने दसूकी ते उतरवतो. आधी खरखर ऐकू येते, मग सरसर, मग काहीच नाही. आवाज गेला की तो थांबतो. तेव्हा गाडी अशी राखेसारखी दिसते की नवखा मालक छाती बडवून घेतो. मग पॉलिशचं मलम आणि घोटायचं मशीन. शेवटी दसूकी खिशातून कंगवा काढतो आणि बॉनेटमध्ये बघून मिशी विंचरतो. मिशीचा केस न् केस सुटा दिसला तरच गाडी बाहेर.

त्या दिवशी प्युजोचं टप आणि दारं चमकून झाली होती. ताज्या जांभळ्या वांग्याचा रंग, त्यात अख्खी गल्ली उलटी दिसत होती. बॉनेट मात्र नुसतंच घासून झालेलं, अजून राखाडी.

"ताजा रंग वरून वाळतो, आत कच्चा असतो," दसूकी तिला समजावत होता. "मिठाईवाल्या अश्मावीची गाडी आठवते ना? उन्हात रक्त तापलं, पुसायला गेले तर पाचही बोटं रंगात मुरलेली. ती गाडी समोरून आली तर मी अजून गल्ली बदलतो."

"पण अश्मावी सुखरूप आहे की नाही?"

"काचेवर मार पंजा."

"मागच्या वेळी आधी काचच फुटली."

"मग टायरवर मार."

"वाईट डोळ्याची माणसं टायर बघतात होय? रंग बघतात, रंग!"

"म्हणजे रंग बघण्यासारखा झालाय, कबूल?"

"मी तसं म्हटलं नाही."

"आत्ता म्हटलंस! पोरी, तू ऐकलंस ना?"

मी मान हलवली. उम्म शाकिरने माझ्याकडे असं बघितलं, की मी ग्लास खाली ठेवला.

"आई," शाकिर हळूच म्हणाला, "प्रवासी खोळंबलेत."

"तू गप!" ती दोघंही एकदम ओरडली.

मग उम्म शाकिरचा आवाज एकाएकी खाली आला. "ठीक आहे. नको मेंढा, नको रक्त. मीच गाडीपुढे हात धरून उभी राहते, अलेक्झांड्रियापर्यंत!" आणि तिने खाडकन उजवा हात बॉनेटवर ठेवला.

आता हा तिला खाणार, असं मला वाटलं. पण दसूकी त्या हाताकडे बघतच राहिला. एक डोळा मिटून, मान तिरकी करून, ट्रे बघतो तसा.

"हात उचलू नकोस," तो म्हणाला.

"का? चिकटला?"

"बोटं फाक. अजून. केवढी जाड ग बोटं तुझी!"

"पीठ मळणारे हात आहेत. तुझ्यासारखं दिवसभर पत्रा कुरवाळत नाहीत."

त्याने पेन्सिलीने तिच्या हाताभोवती रेघ ओढली, तिचा हात उचलला आणि त्या जागी मास्किंग टेपच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून पात्याने कडा कापल्या. मग मशीन सुरू झालं. बोटांच्या फटींत मशीन जाईना, तिथे तो कापूस अंगठ्याला गुंडाळून घासत बसला. चहा गार झाला. मी दुसरा आणला, तोही गार झाला.

टेप अख्खी एका तुकड्यात निघाली. समोरून बघितलं तर बॉनेट म्हणजे निव्वळ आरसा. पण बाजूला सरकून उन्हाच्या रेषेत डोळे आणले, की त्या आरशात राखाडी पंजा वर यायचा. जाड बोटांचा, पुरता उम्म शाकिरचा.

"धुतल्यावर जाईल?" तिने विचारलं.

"मी घासून काढल्याशिवाय नाही. रक्ताचा पंजा दोन पावसांत विटून नुसता डाग उरतो. हा तुझ्या पोराबरोबर रोज जाईल-येईल."

तिने त्यावर आपला हात ठेवून पाहिला. बोटाला बोट लागलं. मग नाक ओढून म्हणाली, "करंगळी वाकडी काढलीस."

"वाकडीच आहे तुझी!"

मेंढा सुटला नाहीच. गॅरेजच्या मागे तो कापला, रक्त पुढच्या टायरला लागलं आणि मटण अख्ख्या गल्लीत वाटलं गेलं. दसूकीने कंगवा काढून बॉनेटमध्ये पाहिलं. मिशी नेमकी पंजात येत होती. कुरकुरत, एका बाजूला वाकून त्याने ती विंचरली आणि शाकिरला हाताने खूण केली, जा.

गाडी वळणाआड गेली तरी उम्म शाकिर तिकडेच बघत होती. मग वळली, आणि तिची नजर गॅरेजच्या दाराच्या वर गेली. चौकटीच्या बरोबर मधोमध, मघाची ती टेप चिकटवलेली होती. पाच बोटं, करंगळी वाकडी.

"दसूकी! माझा पंजा तुझ्या दारावर काय करतोय? दृष्टबिष्ट लागण्यावर तुझा विश्वास नाही ना?"

दसूकीने कंगवा खिशात घातला, हात विजारीला पुसले आणि तिच्या शेजारून निघून तो सरळ आमच्या टपरीकडे चालू लागला.