मामाच्या खाचा

सुतारकी मी मामाकडं शिकलो. कपाटाला खाच पाडायची तर आधी फळीच त्या जागी उभी धरायची, दोन्ही अंगांनी चाकूनं रेघ ओढायची, करवत रेघेच्या आत चालवायची आणि तळ खाचेच्या रंध्यानं सारखा करायचा. एकदा माझी खाच केसभर सैल झाली, म्हणून मी सरसात भुसा कालवून फट बुजवली. मामानं ते सागवान माझ्यासमोर फोडून चुलीत घातलं.

"भुसा भरतो तो सुतार न्हाई," म्हणाला.

पुढं परभणीतल्या एका कचेरीची कपाटं दुसरीकडं हलवायची होती. ती मामाच्या हातची. जुन्या जाडजूड उर्दू दफ्तरांच्या ओझ्यानंही फळी हललेली नव्हती, म्हणून सगळे सुतार त्या कपाटांचं नाव घेत. ती उकलायला मला बोलावलं. पहिली फळी ओढली तर खाचेतून सरसाचा पोपडा आणि भुसा गळाला. सगळ्या खाचा तशाच निघाल्या.

घरी येऊन मामाला सांगितलं. तो पान लावत होता.

"कुणी बघितलं का?"

"मी बघितलं की, मामा."

"तुजं काय," चुना लावत तो म्हणाला, "तू घरचाच हायस."