रद्द झालेल्या मैदानाचं तिकीट

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदू. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्याचाही डॉक्टरांनी फारसा भरवसा दिला नव्हता. तरुणपणी मोडनिंबच्या तालमीत घाम गाळलेला माणूस. म्हणाले, "दिसतंय तवर कुस्त्यांचं एक मैदान दाव मला." म्हणून सोलापुरातल्या मोठ्या मैदानाची, अगदी पुढच्या रांगेतली दोन तिकिटं मी मोबाईलवरून काढली.

आदल्या दिवशी मेसेज आला, काही कारणास्तव मैदान रद्द. काही कारणास्तव म्हणे! माझं डोकंच फिरलं. ऑफिसातूनच संयोजकांना फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हेच तिकीट पुढच्या तारखेला चालेल."

"कुठली तारीख?"

"ती कळवू ना. बाकी सगळे थांबायला तयार आहेत."

"बाकीच्यांना दिसतंय, बाई!" मी ओरडलेच. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. तिला बिचारीला काय कळणार होतं? पण मला रडू आवरेना.

रोज फोन करून त्यांना भंडावून सोडलं आणि पैसे परत मिळवले. अप्पांना सांगितलं तर तेच खवळले. "मैदानाला दिल्यालं कुनी माघारी घेतंय व्हय? लाज आनलीस की!" त्यांच्या वेळी मैदान वर्गणीवर व्हायचं, आणि मोडलं तरी वर्गणी कुणी परत मागत नसे. हे तिकीट आहे, वर्गणी नव्हे, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मैदान झालं ते उन्हाळ्यात. तोवर अप्पांना नुसता उजेड-अंधार कळत होता. तरी मी पुन्हा तिकिटं काढली आणि त्यांच्या शेजारी बसून जमेल तसं सांगत राहिले. "लाल लंगोटवाला वर आहे."

"वर म्हंजी? डाव कुठला टाकला?"

आता मला काय कळतंय त्यातलं! पाठ टेकल्याचा आवाज मात्र त्यांनीच आधी ओळखला.

जिंकलेला पैलवान रिवाजाप्रमाणे लोकांकडून बक्षीस घेत आमच्यापुढे आला. अप्पांनी त्याच्या हातात नोट ठेवली आणि सरळ त्याचा कान धरला. तालमीत घासून मोडलेला, सुपारीसारखा टणक कान. ते चाचपत राहिले, तो वाकून उभा राहिला.

"दिसला गं मला," अप्पा म्हणाले. "आता कुनाकडं पैसं मागू नगंस."